वैध गांजा आणि विकत घेतलेली तपासणी

कॅलिफोर्नियात परवाना घेऊन गांजा पिकवणाऱ्याचं झाड फुलोऱ्यावर आलं की त्याला स्वतःचा क्रमांक असलेला टॅग बांधावा लागतो. हा क्रमांक ‘मेट्रक’ नावाच्या राज्यव्यापी संगणकप्रणालीत नोंदलेला असतो. काढणीच्या दिवशी झाडाचं ओलं वजन, वाळल्यानंतरचं वजन, पाल्याचं वजन, फेकून दिलेल्या काड्यांचं वजन, सगळं त्यात भरावं लागतं. माल एका गोदामातून दुसऱ्या गोदामात हलवायचा तर आधी प्रणालीत पावती तयार करायची, मगच गाडी हलवायची. वितरकाच्या आणि दुकानदाराच्या जागेत चोवीस तास कॅमेरे चालू ठेवायचे. त्यांचं चित्र किमान १२८० बाय ७२० पिक्सेलचं, सेकंदाला किमान १५ फ्रेमचं, आणि ९० दिवस जपून ठेवलेलं असावं लागतं. हिशेबाची कागदपत्रं सात वर्षं सांभाळायची.

हाच माल माणसाच्या फुप्फुसात जाण्याइतका शुद्ध आहे का, हे ठरवणारी प्रयोगशाळा मात्र माल विकणाऱ्यानेच निवडायची असते. पैसेही त्यानेच द्यायचे. अहवाल मनासारखा आला नाही तर पुढच्या खेपेला दुसरी प्रयोगशाळा गाठायला त्याला कोणी अडवत नाही. माझ्या मते वैध गांजाच्या नियमनातला हा सर्वांत मोठा दोष आहे. तो दुरुस्त झाल्याशिवाय टॅग आणि कॅमेरे कितीही वाढवले तरी गिऱ्हाइकाच्या आरोग्याचं रक्षण होणार नाही.

नियमांचा तोल असा का गेला, याचं उत्तर २०१३ मध्ये सापडतं. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये गांजा वैध केला, पण अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या १९७० च्या कायद्यात तो पहिल्या परिशिष्टातला, म्हणजे पूर्ण बंदीतला पदार्थच राहिला. ऑगस्ट २०१३ मध्ये केंद्रीय न्याय विभागाच्या जेम्स कोल यांनी सरकारी वकिलांना एक पत्र पाठवलं. राज्यांनी काटेकोर बंदोबस्त ठेवला तर केंद्र सहसा हात घालणार नाही, असा त्याचा आशय होता. केंद्राचे आठ आग्रह त्यात होते: माल अल्पवयीनांच्या हाती पडू नये, पैसा टोळ्यांकडे जाऊ नये, माल दुसऱ्या राज्यात झिरपू नये, वगैरे. एका मुद्द्यात सार्वजनिक आरोग्याचा मोघम उल्लेख होता, पण मालातल्या विषारी अंशांबद्दल एक ओळही नव्हती. राज्यांनी साहजिकच ज्याची विचारणा होणार होती त्याची यंत्रणा आधी उभी केली. झाडं मोजली, वजनं जुळवली, दारांवर कॅमेरे लावले. कोलोरॅडोत दुकानं १ जानेवारी २०१४ ला उघडली. कीटकनाशकांची चाचणी सक्तीची व्हायला २०१८ उजाडलं. मधल्या काळात, २०१५ मध्ये, डेन्व्हर शहराला कीटकनाशकांच्या संशयावरून हजारो झाडं अडकवून ठेवावी लागली आणि अशा मालाबद्दल राज्यपालांना आदेश काढावा लागला. कोल यांचं पत्र जानेवारी २०१८ मध्ये रद्द झालं. त्याच्या धाकाने उभी राहिलेली यंत्रणा मात्र तशीच आहे.

आता तपासणी प्रत्यक्षात कशी होते ते पाहू. वाळवलेल्या फुलांची एक बॅच कॅलिफोर्नियात जास्तीत जास्त ५० पौंडांची, म्हणजे साधारण २२.७ किलोंची असू शकते. ती वितरकाच्या गोदामात बंद करून ठेवतात. प्रयोगशाळेचा माणूस तिथे येतो, पोत्यांच्या वेगवेगळ्या भागांतून थोडा थोडा माल उचलतो, आणि या सगळ्याचं चित्रीकरण होतं. मग प्रयोगशाळेत टीएचसीचं, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचं, प्रमाण, ६६ कीटकनाशकं, चार जड धातू, साल्मोनेला आणि ई. कोलायचे घातक प्रकार, ॲस्परजिलस बुरशीच्या चार जाती, बुरशीची विषं, ओलावा आणि बाहेरचा कचरा, एवढं तपासतात. ओढून घ्यायच्या मालात शिसं ग्रॅममागे ०.५ मायक्रोग्रॅमच्या वर नको, कॅडमियम आणि अर्सेनिक ०.२ च्या वर नको, पारा ०.१ च्या वर नको. पाण्याची सक्रियता, म्हणजे बुरशीला वापरता येणारा मोकळा ओलावा, ०.६५ च्या वर गेली तर बंद डबीत बुरशी धरते, म्हणून तीही मोजतात. ६६ पैकी २१ कीटकनाशकं अशी आहेत की नुसती सापडली तरी बॅच नापास. नापास मालावर प्रक्रिया करून पुन्हा तपासायची मुभा आहे. दोनदा प्रक्रिया करूनही नापास झाला तर तो नष्ट करायचा.

कागदावर ही यादी उत्तम आहे. बिघाड होतो तो तीन ठिकाणी.

पहिलं ठिकाण टीएचसीचा आकडा. दुकानांचे खरेदीदार फुलाचा भाव या आकड्यावर लावतात. पंचवीस टक्क्यांच्या वरचा माल चटकन उचलला जातो, अठरा टक्क्यांचा पडून राहतो, मग त्याचा वास आणि प्रत कितीही चांगली असो. त्यामुळे जास्त आकडा देणाऱ्या प्रयोगशाळेकडे गर्दी होते. आकडा फुगवायला मोठी लबाडी लागत नाही. गणित असं आहे: टीएचसीए या, तापल्यावर टीएचसी होणाऱ्या, आम्लाच्या प्रमाणाला ०.८७७ ने गुणायचं आणि त्यात आधीचं टीएचसी मिळवायचं. या गणितात जाणारा नमुना दळण्यापूर्वी देठ काढून टाकले, वरची चिकट भुकटी जास्त घेतली, ओलावा वजा करताना हात सैल सोडला, किंवा यंत्राच्या प्रमाणद्रावणात थोडी चूक राहू दिली, की दोन-चार टक्के सहज चढतात. लेबल आणि अहवाल यांत दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, पण दोन्ही आकडे एकाच प्रयोगशाळेतून आलेले असले तर ही अट काहीच पकडत नाही. कोलोरॅडोतल्या दहा दुकानांमधून २३ नमुने विकत घेऊन केलेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ७० टक्के नमुन्यांत टीएचसी लेबलावरच्या आकड्यापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त फरकाने कमी निघालं. कॅलिफोर्नियाने फुलांच्या मोजणीसाठी सर्व प्रयोगशाळांना एकच पद्धत ठरवून दिली ती याच त्रासामुळे. ते पाऊल योग्य होतं. पण पद्धत एक झाली तरी गिऱ्हाईक टिकवण्याची गरज तशीच राहते.

दुसरं ठिकाण कीटकनाशकांचं, आणि इथे प्रश्न पैशांचा नसून जिवाचा आहे. मायक्लोब्युटॅनिल हे नाशिकच्या कोणत्याही द्राक्ष बागायतदाराला ठाऊक असलेलं औषध. भुरी आली की ते फवारतात. द्राक्षावर त्याच्या अंशाची मर्यादा ठरलेली आहे आणि ती पाळली तर फळ खायला हरकत नसते. पण द्राक्ष कोणी पेटवून त्याचा धूर ओढत नाही. हेच द्रव्य गांजाच्या फुलावर राहिलं आणि जळालं, तर त्यातून हायड्रोजन सायनाइड तयार होऊ शकतं. खाण्याच्या पिकासाठी ठरलेल्या मर्यादा इथे उपयोगी पडत नाहीत आणि नव्या मर्यादा ठरवायला केंद्रीय पर्यावरण संस्था पुढे येत नाही, कारण केंद्राच्या लेखी हे पीकच बेकायदा आहे. त्यात आणखी एक भर पडते. व्हेपच्या, म्हणजे तेलाची वाफ ओढायच्या उपकरणाच्या, कार्ट्रिजसाठी फुलातलं तेल काढून ऊर्ध्वपातन करतात. वीस टक्के टीएचसी असलेल्या फुलापासून पंचाऐंशी-नव्वद टक्क्यांचं तेल होतं, आणि टीएचसीबरोबर बरीच कीटकनाशकंही तितक्याच पटीत दाट होतात. फुलात मर्यादेच्या जेमतेम आत बसलेला अंश तेलात चौपट होऊन बाहेर पडतो.

हे अंश शोधणं खर्चाचं काम आहे. बहुतेक द्रव्यं एलसी-एमएस या, घटक द्रवातून वेगळे करून ओळखणाऱ्या, यंत्रावर दिसतात, पण क्लोरफेनापायरसारखी काही त्यावर नीट उमटत नाहीत. त्यांना जीसी-एमएस, म्हणजे घटक वायुरूपात वेगळे करणारं यंत्र, लागतं. दोन्ही यंत्रं, त्यांवर बसणारे जाणकार केमिस्ट, रोजची प्रमाणद्रावणं, चिकट राळेने खराब होणारे कॉलम, हे सगळं प्रामाणिकपणे सांभाळणाऱ्या प्रयोगशाळेचा दर वाढतोच. २०१८ मध्ये सॅक्रामेंटोतल्या एका प्रयोगशाळेने ६६ पैकी २२ कीटकनाशकांची तपासणी न करताच काही महिने अहवाल दिल्याचं उघड झालं. यंत्र बिघडलं होतं आणि आकडे कागदावर भरले गेले होते. ते सरकारी तपासणीत सापडलं म्हणून कळलं. बाजाराने काही पकडलं नव्हतं, आणि पकडणारही नव्हता: नापास अहवाल देणारी प्रयोगशाळा गिऱ्हाईक गमावते, डोळेझाक करणारी कमावते.

तिसरं ठिकाण म्हणजे यादीच. यादीत जे नाही ते कोणी शोधत नाही. २०२४ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने दुकानांतला माल विकत घेऊन स्वतंत्रपणे तपासून घेतला, तेव्हा वैध व्हेपमध्ये पायमेट्रोझिन हे कीटकनाशक सापडलं. राज्याच्या ६६ च्या यादीत ते नाही. महाराष्ट्राने हा धडा २०१० मध्ये फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. वेलीची वाढ रोखायला वापरलेलं क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या बोलण्यातलं लिहोसीन, युरोपात द्राक्षांमध्ये सापडलं आणि कंटेनर अडकले. इथल्या तपासणीत ते शोधलंच जात नव्हतं. ‘आम्ही सगळ्या चाचण्या केल्या होत्या’ हे निर्यातदारांचं म्हणणं खरं होतं आणि त्याचा काही उपयोगही झाला नाही. पुढे ते द्रव्य यादीत आलं.

द्राक्षाच्या या उदाहरणात मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. निर्यातीच्या द्राक्षांसाठी अपेडा या केंद्रीय कृषी निर्यात संस्थेची ‘ग्रेपनेट’ प्रणाली आहे. बागेची प्लॉटवार नोंद होते, नेमलेल्या प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेतो, अहवाल थेट प्रणालीत चढतो, आणि पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र संदर्भ प्रयोगशाळा म्हणून बाकीच्यांवर नजर ठेवतं. तिथेही चाचणीचे पैसे निर्यातदारच भरतो. तरीही ती व्यवस्था बऱ्यापैकी चालते, कारण शेवटी माल युरोपच्या बंदरात उतरतो आणि तिथल्या प्रयोगशाळेला इथल्या कोणाचीही भीड नसते. खोटा अहवाल तिथे उघडा पडू शकतो, हे सगळ्यांना माहीत असतं.

अमेरिकेतल्या गांजाला असं बंदरच नाही. केंद्रीय बंदीमुळे माल राज्याची सीमा ओलांडू शकत नाही. जिथे पिकला तिथेच तपासला, तिथेच विकला आणि तिथेच ओढला. केंद्रीय अन्न व औषध संस्था त्याकडे पाहत नाही, कृषी विभाग पाहत नाही, दुसऱ्या राज्याचा खरेदीदार नाही, आयातदार देश नाही. प्रयोगशाळेचा अहवाल हा पहिला दरवाजा आहे आणि तोच शेवटचा. ज्या धंद्यात दुसरी तपासणी होणारच नाही, तिथे पहिली तपासणी विकत घेऊ देणं हे राज्याने आपलं मूळ कर्तव्य सोडण्यासारखं आहे.

मेट्रकच्या नोंदींनी ही उणीव भरून निघते, असं काही अधिकारी सांगतात. ते पटत नाही. टॅग पिशवीला बांधलेला असतो. पिशवीत काय आहे ते त्याला कळत नाही. कॅलिफोर्नियात ‘बर्नर डिस्ट्रो’ म्हणून ओळखले जाणारे वितरक कागदावर माल घेतात, तो काळ्या बाजारात सोडतात आणि नोंदी जुळवून गायब होतात. उलट दिशेनेही होतं: स्वस्त बेकायदा तेल वैध टॅगखाली आत येतं. वजनाचा हिशेब तंतोतंत जुळतो.

माझा उपाय साधा आहे. वितरकाने बॅच तयार झाल्याची नोंद करायची आणि प्रयोगशाळा प्रणालीने पाळीपाळीने ठरवून द्यायची. शुल्क राज्याच्या खात्यात भरायचं; प्रयोगशाळेला ते राज्याकडून मिळेल, निकाल काहीही लागो. शुल्क बॅचच्या वजनावर असावं. आज आठ पौंडांच्या बॅचलाही चाचण्यांचा तोच संच आणि जवळपास तोच खर्च लागतो, त्यात छोटा उत्पादक भरडला जातो. नमुन्याचे तीन सीलबंद भाग करावेत: एक तपासणीला, एक वितरकाकडे, एक राज्याकडे. आपल्या अन्न सुरक्षा कायद्याच्या ४७ व्या कलमात चार भागांची तरतूद आहे आणि वाद झाला तर संदर्भ प्रयोगशाळेचा निकाल अंतिम मानला जातो. आपल्याकडे अंमलबजावणीत उशीर आणि ढिलाई पुष्कळ आहे, पण नमुना सरकारी अधिकाऱ्याने घ्यायचा हे तत्त्व तरी पक्कं आहे.

याच्या जोडीला राज्याच्या माणसाने ओळख न देता दुकानातून माल विकत घ्यावा, लेबल काढून राज्याच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत तपासावा, आणि मूळ अहवाल देणाऱ्या प्रयोगशाळेच्या नावानिशी निकाल दर महिन्याला जाहीर करावा. परवाना निलंबित करायचं धैर्य राज्यं हळूहळू दाखवू लागली आहेत. मॅसॅच्युसेट्सने २०२५ मध्ये बुरशीचे नापास निकाल दडवल्याच्या आरोपावरून एका प्रयोगशाळेचं काम थांबवलं. पण अशी कारवाई अधूनमधून होऊन भागत नाही, ती नेमाने व्हायला हवी.

पाळीच्या पद्धतीवर तीन आक्षेप येतात. दूरच्या परगण्यात प्रयोगशाळेचा माणूस पोचायला वेळ लागेल: खरं आहे, म्हणून पाळी विभागवार लावावी. प्रयोगशाळांमधली स्पर्धा संपेल आणि काम मंदावेल: वेळेची मुदत घालून द्या, मुदत चुकवणाऱ्याची पाळी वगळा, स्पर्धा वेगाची आणि अचूकतेची राहू द्या, निकालाची नको. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. तपासणी कडक झाली की जास्त माल नापास होईल, भाव चढतील आणि गिऱ्हाईक पुन्हा गल्लीतल्या विक्रेत्याकडे जाईल. वैध धंदा आधीच वाकलेला आहे हे मला मान्य आहे. आयकराच्या २८०-ई कलमाने १९८२ पासून या धंद्याला दुकानाचं भाडं आणि पगारसुद्धा खर्च म्हणून वजा करू दिलेले नाहीत. मोठ्या बँका दूर राहतात. कॅलिफोर्नियाचा अबकारी कर आणि त्यावर स्थानिक कर आहेतच. पण या ओझ्यातला तपासणीचा भाग हलका करायचा आणि नव्वद दिवसांच्या चित्रीकरणाचा तसाच ठेवायचा, ही निवड चुकीची आहे. काटछाट करायचीच तर चित्रीकरणाची मुदत तीस दिवसांवर आणा, तीच ती माहिती दोन-तीन खात्यांना पुन्हा पुन्हा भरायला लावणं थांबवा. कारण गल्लीतल्या मालापेक्षा महाग माल घ्यायला गिऱ्हाइकाकडे एकच कारण आहे. २०१९ मध्ये व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत अमेरिकेत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले, त्यांपैकी मृत्यू ६८. मुख्य संशय टीएचसीच्या तेलात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर आला आणि बहुतांश माल अनौपचारिक विक्रेत्यांकडचा होता. तेव्हा वैध दुकानं ठामपणे सांगू शकली की आमचा माल तपासलेला आहे. त्या वाक्यावरचा विश्वास उडाला तर भाव कितीही उतरवला तरी वैध दुकानाकडे वेगळं असं काही उरत नाही.

एक गोष्ट अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी सांगायला हवी. या प्रयोगशाळांना रसायनशास्त्र जाणणाऱ्या माणसांची गरज आहे आणि आपल्याकडची अशी मंडळी तिथे कमी नाहीत. पण एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या नागरिकत्व खात्याने स्पष्ट केलं की राज्यात वैध असला तरी गांजाच्या उद्योगातलं काम नागरिकत्वाच्या अर्जात चांगल्या वर्तणुकीच्या अटीआड येऊ शकतं. ग्रीनकार्डवर किंवा व्हिसावर असलेल्याने अशी नोकरी किंवा भागीदारी धरण्यापूर्वी स्थलांतराच्या वकिलाचा सल्ला घ्यावा. राज्याच्या परवान्यावर विसंबू नये.

भारतात हा विषय वेगळ्या वाटेने येतो आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजाच्या व्याख्येतून बिया आणि फुलोऱ्याशिवायची पानं वगळली, उत्तराखंडने ०.३ टक्के टीएचसीच्या आतल्या औद्योगिक भांगेला परवाने दिले, हिमाचल प्रदेश त्या दिशेने पावलं टाकतो आहे, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये भांगेच्या बियांना आणि त्यांच्या तेलाला खाद्य म्हणून मान्यता दिली. शेतातलं पीक ०.३ टक्क्यांच्या आत आहे की नाही हे ठरवताना नमुना वरच्या तुऱ्यातून घेतला की खालच्या पानांतून, काढणीच्या किती दिवस आधी घेतला, यावर निकाल पालटतो, कारण फुलोरा पिकत जातो तसं टीएचसी वाढतं. झाडाचा कोणता भाग, किती दिवस आधी, कोणाच्या हाताने आणि कोणाच्या पैशाने, हे चार मुद्दे पहिल्या परवान्याच्या अटींतच लिहिले गेले पाहिजेत. प्रयोगशाळा एकदा धंद्यात उतरल्या, त्यांची गिऱ्हाइकं ठरली आणि कर्ज काढून यंत्रं आली, की त्यानंतर नमुना वाटपाचा नियम बदलायला त्या आणि त्यांची गिऱ्हाइकं दोघंही विरोध करतात.